हाताला यश

मी पाचशे बारावा. जून चव्वेचाळीस, मुलगा,
वजन तीन किलो शंभर.
बोर्बाला सुइणीच्या वहीत तशी नोंद आहे.
तिच्या हाताला यश आहे, असं तिसा नदीच्या
दोन्ही काठांवरच्या बायका म्हणायच्या.
आडवं आलेलं मूल ती आतल्या आत वळवायची
डोळे मिटून,
गंजल्या कुलपात किल्ली फिरवावी तशी.
वहीत धर्माचा रकाना होता. तो ती भरायची नाही.
तेलकट बोटांनी टाक धरवत नाही, म्हणायची.

मी जन्मायच्या महिनाभर आधी
पालिकेचा शिपाई तिच्या फाटकाशी आला.
ओळखीचा. त्याची दोन्ही पोरं तिच्याच हातची.
वीटभट्टीवर काम आहे, म्हणाला, तीन दिवसांचं.
बायका तपासायच्यात.
साथ आहे का कसली?
तो टोपीची कड चाचपत राहिला.
साथ नाही. सोनं.
पुरुषांनी तपासणं बरं दिसत नाही,
म्हणून तुला बोलावलंय.

बरं दिसत नाही.
एवढंच. कुणी बंदूक रोखली नाही,
कुणी शपथ घ्यायला लावली नाही.
रोजचे वीस पेंगो, दुपारी सूप,
आणि पोराच्या बुटांना तळ उरला नव्हता.
पलीकडच्या गावची सुईण नाही म्हणाली होती,
तिचं काहीएक बिघडलं नाही.
हे बोर्बालाला नंतर कळलं.
की आधीच? मला नक्की सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी तिने घरून घमेलं नेलं,
साबण, उकळलेलं पाणी, इस्त्रीचे टॉवेल.
माझ्याऐवजी दुसरी आली असती
तर तिने हात तरी धुतले असते का?
दुसऱ्या दिवशी पाणी दुपारीच संपलं.
तिसऱ्या दिवशी तिने मागितलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी सेरेन लुस्टिग.
मागे तिची योलान, सतरा वर्षांची,
जिला बोर्बालाने पायांकडून ओढून काढलं होतं
निळी पडलेली,
आणि पाठीवर चापट्या मारमारून रडवलं होतं.
पडदा सरकला तसा सेरेनचा चेहरा एकदम सैल पडला.
"तुम्ही आहात होय," ती म्हणाली. "बरं झालं."

सुइणीपासून पोट लपत नाही,
मग अंगठी कुठली लपायला.
बारीक, झिजलेली. बोर्बालाने ओळखली.
योलानच्या वेळी नवव्या महिन्यात सेरेनची बोटं सुजली,
तेव्हा साबण लावून हिनेच ती काढली होती,
जपून ठेव गं, म्हणाली होती.
टोपीत कोंबड्याची पिसं खोवलेला पोलीस बाहेर,
कारकून वहीचं पान उलटण्यात गुंतलेला.
मुठीत राहिली असती. कुणी पाहिलं नसतं.
थाळीत टण्ण वाजली.
कारकुनाने लिहिलं: एक, पिवळी.
पुढची, बोर्बाला म्हणाली.
पुढची म्हणजे योलान.

संध्याकाळी तिने बटाटे सोलले.
गुरुवारी गाडी गेली.
रुळांच्या कडेने अकेशिया फुलला होता,
स्टेशनभर मधाचा वास.

मग माझी वेळ आली. मी आडवा होतो.
आई सांगायची: तिचा एक हात पोटावर, एक आत,
आणि ती पुटपुटत होती,
चल बाळा, वळ, वळ, असा हट्ट करू नये.
मी वळलो.

मला ज्यात निजवलं तो पाळणा अक्रोडाच्या लाकडाचा.
आमच्या घरात दुसरं काहीच अक्रोडाचं नव्हतं.
तळाशी, रंगाच्या थराखाली,
उजवीकडून डावीकडे जाणारी काही अक्षरं
बोटाला लागतात.
आईला मी कधी विचारलं नाही.
माझी दोन्ही मुलं त्यातच वाढली.
छान हलतो, अजून.